पावसाळ्यात एसईएमला सॅम्पल नेताना

बेळगावात जूनमधे पाऊस लागला की डब्यातल्या मिठाला पण पाणी सुटतं, आणि आमची पावडर तर मिठापेक्षा नाजूक. सोडियम-आयन बॅटरीचा कॅथोड, निकेल-लोखंड-मँगनीजचा लेयर्ड ऑक्साइड. दमट हवा लागली की आतलं सोडियम वर येतं, त्याचा हायड्रॉक्साइड होतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट. एसईएममधे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतानं फोटो काढणाऱ्या मायक्रोस्कोपमधे, सॅम्पलमधून बाहेर पडणारे सेकंडरी इलेक्ट्रॉन येतात ते वरच्या काही नॅनोमीटरमधूनच, म्हणजे फोटो निघतो तो नेमका त्या खराब थराचा, आणि चेंबरमधे व्हॅक्यूम केला म्हणून तो कार्बोनेट काय परत जात नाही. "दोन मिनिटांत काय होतंय" असं म्हणणारे लई भेटतात. होतं.

ग्लोव्हबॉक्समधे (आर्गन भरलेली बंद पेटी, हातमोज्यांतून आत काम करायची) पाणी १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली ठेवायचं आणि आत न वाळवलेला, पावडर चिकटवायचा कार्बन टेप न्यायचा, ह्याला काही अर्थ नाही. टेप ओलावा धरून ठेवतो. स्टब (सॅम्पल बसवायची धातूची चकती) ओव्हनमधे वाळवा, टेप लावा आणि रात्रभर अँटीचेंबरमधे (ग्लोव्हबॉक्समधे सामान न्यायचा मधला कप्पा) व्हॅक्यूमखाली ठेवा, मगच पावडर. पावडर पण अगदी चिमूटभर, न चिकटलेली आतच रबरी फुग्यानं उडवून टाकायची.

खरा प्रश्न ग्लोव्हबॉक्स ते एसईएम ह्या रस्त्याचा. त्यासाठी आम्ही उद्यमबागेत (इथली औद्योगिक वसाहत) लेथवर छोटी डबी करून घेतली, खाचेत बसणारी ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी रिंग) आणि स्प्रिंगवालं झाकण. आतला आर्गन बराचसा ओढून घेतला की बाहेरची हवाच झाकण दाबून धरते, ४ सेंटीमीटरच्या झाकणावर १० किलोच्या आसपास दाब पडतो, आणि एसईएमचं चेंबर व्हॅक्यूम झालं की स्प्रिंग ते आपोआप उचलते. लेथवरचे काका म्हणाले, "एवढं काय बघूलालास त्या खाचेत?" बघावंच लागतं, कारण टूलच्या गोल खुणा चालतात पण पॉलिश पेपरचा एक आडवा ओरखडा ओ-रिंगखालून गेला की तिथनं हवा आत. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी खाच पुन्हा टूलनंच फिनिश करून दिली, पेपर लावलाच नाही.

आणखी एक, त्याच बॅचची थोडी पावडर मुद्दाम हवेत ठेवून तिचा पण फोटो काढा. फोटोत कणांच्या कडांवर दिसणारे काटे सॅम्पलचे की हवेचे हे त्याशिवाय कळत नाही.

डबीचं ड्रॉइंग कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. फक्त आपल्या एसईएमच्या स्टेजची उंची आधी मोजून घ्या, उघडलेलं झाकण पोलपीसला (सॅम्पलच्या वरचं लेन्सचं टोक) लागता कामा नये.