प्लास्टर फुगलं!

मे महिन्यात कुंपणाच्या ब्लॉकच्या भिंतीला प्लास्टर केलं आणि गणपतीचे पाहुणे यायच्या आत ते फुगलं. नाण्याने वाजवलं तर ढबढब. पोपडा काढला तर मागचा ब्लॉक कोरा, सिमेंटचा डागही नाही! गवंडीदादांनी उन्हात तापलेल्या ब्लॉकवर पाणी न मारताच माल थापला होता. ब्लॉकनेच मालातलं पाणी पिऊन टाकलं, मग पकड येणार कशी? त्यात भिंतीचा माथा उघडा, म्हणजे कोकणातला पाऊस थेट आत.

दिवाळीनंतर सगळं खरवडलं. आधी पातळ माल फटकारून खडबडीत थर, त्यावर १:५ चं (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) प्लास्टर. माथ्यावर उताराची फरशी, दोन बोटं पुढे काढलेली. पाणी ७ दिवस मीच मारतोय. (बायको म्हणते, झाडांना कधी इतकं घातलं नाहीस.)