विषय सोडायचा शेवटचा दिवस

विषय सोडायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता संपत होती. मी अर्थशास्त्र शिकवते आणि चाळीसेक विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार म्हणूनही काम बघते. कुणी कोणत्या सत्रात काय घ्यायचं, क्रेडिट (पदवीसाठी जमवायचे विषयांचे एकक) पुरतात का, पुढच्या विषयासाठी आधी कोणता पूर्ण झालेला हवा, हे मुलांबरोबर बसून ठरवायचं.

साडेतीनच्या सुमारास तिसऱ्या सत्रातला एक मुलगा आला. त्याला संख्याशास्त्र सोडायचं होतं. मला नवल वाटलं. नियोजनात माझ्याकडच्या मुलांमधला सगळ्यात पक्का मुलगा तो, असं मी धरून चालले होते. त्याचे मेल नेमके आणि मुद्देसूद असत. शंका विचारायच्या आधी नियमावली वाचलेली असे.

"संख्याशास्त्र आत्ताच का घ्यायचं, हे तूच मला लिहिलं होतंस ना? पाचव्या सत्रात इकॉनॉमेट्रिक्स घ्यायचं, तर आधी हे व्हायला हवं म्हणून?" इकॉनॉमेट्रिक्स म्हणजे संख्याशास्त्राच्या आधारे आर्थिक आकडेवारी तपासायचा विषय.

"मी?"

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. तो वाचू लागला. ओळीखाली बोट धरून, सावकाश. ते शब्द तो पहिल्यांदाच वाचत होता हे कळायला मला वेळ लागला नाही.

"हे आईनं लिहिलंय, मॅडम. पासवर्ड तिच्याकडेच आहे. विषयही तीच भरते."

म्हणजे वर्षभर मी एका बाईंना सल्ला देत होते आणि ज्याला द्यायचा तो मुलगा मला भेटलाच नव्हता. चूक माझीही होती. मेल इतके चांगले येत होते की त्याला एकदा समोर बसवावं, असं मला सुचलंच नाही. अडखळत लिहिणाऱ्या मुलांना मी आवर्जून बोलावते, याला बोलावलं नव्हतं.

या सत्रात आपले किती क्रेडिट आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. २१ होते. मी कागद पुढे केला आणि त्यालाच हिशोब करायला सांगितलं. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला आठवड्याला साधारण १ तास वर्ग, आणि वर्गाच्या दर तासाला घरी २ तास अभ्यास, हा ढोबळ नियम. त्यानं गुणाकार केला, ६३ लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिला. "म्हणूनच," एवढंच म्हणाला. सत्राच्या मध्यावरच्या परीक्षेत तो का मागे पडला, हे त्याचं त्याला त्या क्षणी दिसलं असावं.

मग तो आईला फोन लावू लागला. मी थांबवलं. तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या गुणांबद्दल मी त्यांच्याशी बोलणार नाही, हे आधी स्पष्ट केलं. तो क्षणभर घुटमळला आणि मग त्यानं स्वतःच फोन स्पीकरवर टाकला.

त्या बाई रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्या घाबरल्या. "मुदत निघून गेली का?" हाच त्यांचा पहिला प्रश्न. मी विचारलं, "तुमची आखणी उत्तम आहे. पण ती अशीच का केलीत, हे त्याला कधी सांगितलंत?" पलीकडे शांतता. मग त्या बोलू लागल्या. शाळेत असताना त्याला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं होतं. वाचनाचा वेग कमी, समज चोख. म्हणून पानंच्या पानं वाचावी लागणारे दोन विषय त्या एका सत्रात येऊ देत नव्हत्या. त्यातल्या एकाच्या जागी गणिती विषय घालत होत्या.

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "मला वाटलं, मला निबंध जमणार नाही असं तुला वाटतं."

पालकांनी या कामात किती लक्ष घालावं, असं मला नेहमी विचारतात. भरपूर घालावं, असंच मी सांगते. त्या आईकडे जी माहिती होती ती माझ्या कुठल्याही नोंदीत नव्हती, आणि ती नसती तर मी त्या मुलाला बेधडक चुकीचा सल्ला दिला असता. माझ्याकडे अशीही मुलं येतात ज्यांच्या घरी क्रेडिट हा शब्द कुणी ऐकलेला नाही. ती किती एकटी असतात ते मी बघते. मात्र आईवडिलांची माहिती मुलाच्या हाती पोचायला हवी, तयार तक्ता नव्हे. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिडसारखा मनोरा रचायला मदत करताना काय घडतं, ते टिपलं होतं. त्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. बांधकाम उभं राहत जाईल तशी परांची उतरवायची असते. इथे एकोणीस वर्षांच्या मुलाचा मनोरा दुसरंच कुणी रचत होतं, आणि तेही निव्वळ मायेपोटी.

साडेचार वाजले होते. मी दोघांनाही परिणाम सांगितले. संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स दोन्ही वर्षातून एकदाच, विषम सत्रात असतात. आता सोडलं तर संख्याशास्त्र पाचव्यात जाईल, इकॉनॉमेट्रिक्स सातव्यात, म्हणजे नेमकं प्रकल्पाच्या सत्रात. मी असते तर संख्याशास्त्र ठेवलं असतं आणि दुसरा एखादा विषय सोडला असता. तसं मी बोलूनही दाखवलं. आईचंही तेच मत होतं.

त्यानं संख्याशास्त्रच सोडलं. पाया कच्चा ठेवून पुढे ढकलत नेण्यापेक्षा वर्षभरानं नीट शिकतो, म्हणाला. फोनवर बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी पासवर्ड सांगितला. त्यानं माझ्यासमोर बटण दाबलं तेव्हा पाचला दहा कमी होते.

रात्री त्याचा मेल आला, पहिलाच. तीन ओळी, दोन शब्द अर्धवट. उरलेले विषय आणि त्यांचे क्रेडिट त्यानं लिहिले होते: ४, ४, ४, ३, २. खाली एकूण १८.

मी लिहिलं, "बेरीज पुन्हा बघशील?"

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. "१७."