सुई मायनसलाच

हुपरीच्या त्या मुलीने तोंडावरची ओढणी सोडली तेव्हा वाटलं, भाजल्याचे डाग असणार. घरी इलेक्ट्रॉलिसिस, म्हणजे सुईने करंट देऊन केस कायमचे काढणं, करून बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतात. करंट जास्त झाला की खपली धरते, खपली नखाने काढली की डाग मागे राहतो. पण भिंगाच्या दिव्याखाली घेतलं आणि मी थांबले. हनुवटीच्या उजव्या बाजूला निळसर काळे ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे, कडा स्पष्ट, खपली नाही की सूज नाही. आणि बहुतेक ठिपक्यांतून केस पुन्हा वर आलेला.

"सुई घातल्यावर तिच्याभोवती पांढरा फेस येत होता का गं?"

"नाही ओ ताई. व्हिडिओत येतोय तसा कधीच आला नाही. केसपण सुटत नव्हता, मग मी चिमट्यानं ओढून काढलो."

कोल्हापुरात राजारामपुरीत मी हेच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आधी घरी प्रयत्न करून आलेल्या असतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई नेऊन करंट द्यायचा, असं हे काम. हनुवटी साफ व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तितके दिवस गावाहून यायचं, घरी दरवेळी काहीतरी कारण सांगायचं, प्रत्येक बैठकीचे पैसे मोजायचे, हे कितीजणींना जमतं? शिवाय ही गॅल्व्हॅनिक पद्धत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, मुळात बॅटरीवरचीच. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ साली पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस याच रीतीने कायमचे काढल्याचं लिहून ठेवलं आहे. तेव्हा घराघरात वीज कुठे होती?

मुलीने पर्समधून एक डबी काढली. मशीन भावाने बनवलेलं. नऊ व्होल्टची बॅटरी, करंट कमीजास्त करायचा नॉब, छोटा मिलीअँपिअरचा मीटर, दोन वायरी: एक सुईला, एक हातात धरायच्या पट्टीला. काम इतकं नीटनेटकं की मी दोनदा उलटून पाहिलं. त्याने भिंतीतल्या प्लगची वीज कुठेही जोडलेली नव्हती, अडॅप्टरसुद्धा नाही. ही अक्कल फार महत्त्वाची. असल्या मशीनला मेनची वीज लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

"दादा काय करतो?"

"प्लेटिंग. खाली थांबलाय गाडीजवळ."

"वर बोलव त्याला."

तो दारातच अवघडून उभा राहिला. बायकांच्या खोलीत कसं यायचं, म्हणून. मी त्याला आत घेतलं आणि वायरी कशा जोडल्यास ते विचारलं. त्याने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "लाल सुईला. काळी हातातल्या पट्टीला. आमच्यात जॉब कायम मायनसलाच लावतात."

हुपरीच्या चांदीकामात तेच बरोबर आहे. मुलामा द्यायची वस्तू मायनसला, चांदीचा पत्रा प्लसला. पत्रा विरघळतो आणि चांदी वस्तूवर बसते. त्याच्या हिशेबाने बहिणीचं अंग म्हणजे जॉब, आणि सुई राहिली प्लसला.

मी काही समजावलं नाही. वाटीत पाणी घेतलं, चमचाभर मीठ आणि चिमूटभर हळद घातली, टिश्यू पेपर त्यात भिजवून बशीत पसरला. त्याच्या डबीची दोन्ही टोकं कागदावर जरा अंतराने टेकवली. काही सेकंदांत पट्टीच्या टोकाखाली लाल ठिपका उमटला आणि पसरायला लागला. सुईखाली काहीच नाही, हळद उलट फिकी पडली. हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग चढतो, तसाच तो लाल.

"मायनसला मिठाच्या पाण्यातनं कॉस्टिक सोडा होतो, आणि हायड्रोजन," मी म्हटलं. "तो फेस म्हणजे हायड्रोजन. केसाचं मूळ मरतं ते या सोड्यानं. म्हणून सुई मायनसला पाहिजे."

तो बशीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आमचा पत्रा विरघळतोय तशी सुई विरघळली. आणि ते हिच्या हनुवटीत बसलं."

अगदी तेच झालं होतं. सुई प्लसला लागली की तिचा धातू कातडीत उतरतो आणि गोंदल्यासारखी खूण राहते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटा धीर दिला नाही. ते ठिपके माझ्या सुईने जाणार नव्हते. गोंदण काढायच्या लेसरचं विचारायला त्वचारोगतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं.

भावाने तिथेच वायरी बदलल्या. मग मी तिला तिच्याच पोटरीवर शिकवलं, कारण सुरुवात कधीही चेहऱ्यावर करायची नसते. पट्टीवर ओला स्पंज, तो डाव्या हाताच्या मनगटाला बांधलेला. कातडी ताणून धरायची, केस ज्या कलाने बाहेर आलाय त्याच कलाने सुई सोडायची. रेटायची नाही, जिथे अडते तिथे थांबायचं. पॉइंट तीन मिलीअँपिअर, पंधरा सेकंद. एका मिलीअँपिअरच्या दहाव्या भागाचा करंट एक सेकंद दिला की एक युनिट सोडा धरतात, म्हणजे ही पंचेचाळीस युनिटं झाली. बाराव्या सेकंदाला सुईच्या तोंडाशी पांढरा फेस आला. मुलगी श्वास धरून बघत होती. चिमट्याने केस नुसता उचलला तर न अडकता बाहेर आला, मुळाशी ओलसर पांढरी पिशवी घेऊन. ओढ लागली तर मूळ मेलेलं नाही, हे तिने स्वतःच ओळखलं.

बाकीचं मी तिच्याकडून वहीत लिहून घेतलं. शेजारशेजारचे केस एकाच दिवशी घ्यायचे नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर डाग लवकर धरतो, त्यामुळे आधी दोन-तीन केस करून आठवडाभर वाट बघायची. तीन-चार दिवस आधी रेझर फिरवायचा, म्हणजे नंतर वर येतात ते वाढीतले केस, आणि सुई त्यांनाच चांगली लागते. प्लकिंग, थ्रेडिंग बंद. तिळातल्या केसाला हात लावायचा नाही. पेसमेकर असलेल्या किंवा गरोदर बाईवर हे मशीन चालवायचं नाही, मैत्रिणीने कितीही गळ घातली तरी.

हे सगळं झाल्यावर मी पाळीचं विचारलं. दोन-दोन महिने चुकायची. आईने "लग्न झालं की होईल नीट" म्हणून सोडून दिलेलं. मला या वाक्याचा फार राग येतो. हनुवटीवर राठ केस आणि पाळीची बोंब, एवढं दिसल्यावर आधी डॉक्टर. आहे तो केस सुई मारते; हॉर्मोनमुळे शेजारची लव राठ व्हायला लागली तर ती तिला थांबवता येत नाही. भावाला तिथेच बसवून हे त्याच्यासमोर सांगितलं. पुढच्या आठवड्यात तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा आणि हॉर्मोनचा बिघाड निघाला, औषधं सुरू झाली.

सध्या हनुवटी मी करते आणि पाय ती घरी करते. सुया माझ्याकडूनच नेते, पाकीटबंद, निर्जंतुक, एकदा वापरून टाकायच्या. भावाने नवीन डबीत सुईची पिन वेगळ्या जाडीची घेतली आहे, ती प्लसच्या भोकात जातच नाही.