ड्रॅक्युला सोफ्यावर पडून टाइमटेबल वाचतो

'फ्युरी ऑफ ड्रॅक्युला' या पटावरच्या खेळात मीना हार्कर ही शिकारी डावात उतरते तीच ड्रॅक्युलाचा चावा खाऊन. नियमच तसा आहे, म्हणून आम्ही तसं खेळत आलो. का, ते कुणी विचारलं नाही. मला मात्र ते हळूहळू खटकायला लागलं. कपाटात एवढे खेळ, बहुतेकांच्या मुळाशी कुठली ना कुठली भयकथा किंवा अद्भुतकथा, आणि आमच्या गटात त्यातलं पान उलटलेला एकही माणूस नाही. म्हणून मी मूळ पुस्तकं वाचायला घेतली. मामेभाऊ म्हणाला, "अरे, खेळायचंय की एमए करायचंय?"

खर्चाचा प्रश्न फारसा नव्हता. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतात. ड्रॅक्युलाचा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ साली गेला, 'द किंग इन यलो'चा रॉबर्ट चेंबर्स १९३३ साली, क्थुल्हूच्या भयकथांचा लव्हक्राफ्ट १९३७ साली. तिघंही फुकट वाचायला मिळतात. टॉल्किन गेला १९७३ साली, म्हणजे २०३३ संपेपर्यंत तो विकतच घ्यावा लागणार. क्रम त्यावरूनच ठरला.

सुरुवात अर्थातच ड्रॅक्युलापासून. 'फ्युरी ऑफ ड्रॅक्युला' हा खेळ स्टीफन हँडचा, १९८७ साली गेम्स वर्कशॉपनं काढलेला. आमच्याकडे २०१९ ची चौथी आवृत्ती आहे. एक जण ड्रॅक्युला होतो आणि युरोपच्या नकाशावर पालथ्या पत्त्यांनी लपतछपत फिरतो, बाकीचे चार शिकारी घेऊन त्याचा माग काढतात. शिकाऱ्यांना रेल्वेची तिकिटं मिळतात. ड्रॅक्युलाला रेल्वे बंद. तो रस्त्यानं जाणार, नाहीतर समुद्रानं, आणि समुद्रात त्याचं रक्त झिजणार. मला वाटायचं, हे सगळं खेळ समतोल राहावा म्हणून बसवलेलं आहे.

कादंबरी १८९७ ची. पहिल्याच नोंदीत जोनाथन हार्कर काय लिहितो? म्युनिकहून १ मेच्या रात्री ८.३५ ला निघालो, सकाळी ६.४६ ला व्हिएन्नाला पोचायला हवं होतं, पण गाडी तासभर लेट. जगातली सगळ्यात गाजलेली भयकादंबरी लेट झालेल्या गाडीच्या तक्रारीनं सुरू होते, हे वाचून मी उठलो, खेळाचा पट काढला आणि जमिनीवर पसरला. म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्लाउझेनबर्ग: सगळी गावं पटावर आहेत. तिथून पुढे मी पुस्तक तसंच वाचलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सोंगटी. घरच्यांनी दोन दिवस पटाला वळसा घालून ये-जा केली, मग तो पलंगाखाली सरकवला आणि वाचताना ओढून काढायला लागलो.

स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेला नव्हता. त्यानं सगळं पुस्तकांवरून आणि नकाशांवरून रचलं, आणि ते जाणवतं, पण वाईट अर्थानं नाही. त्याला अंतरं माहीत आहेत, गाड्यांच्या वेळा माहीत आहेत. किल्ल्यात अडकलेल्या हार्करला एके दिवशी काउंट ड्रॅक्युला सोफ्यावर पडून वाचताना दिसतो. काय वाचतोय? ब्रॅडशॉ. इंग्लंडच्या रेल्वेचं टाइमटेबल! (ब्रॅडशॉ आपल्याकडेही निघायचं, जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरात अजून एखादं सापडेल.) चारशे वर्षांपूर्वीचा सरदार, भिंतीवरून पालीसारखा उतरणारा, आणि लंडनला जायचं म्हणून गाड्या पाठ करतोय. सिनेमांनी हा प्रसंग का टाकून दिला देव जाणे. मला तरी यापुढे त्याचे सुळे फिके वाटले.

सगळं इतकं सरळ गेलं नाही. व्हिटबी या इंग्लंडमधल्या बंदरगावाच्या प्रकरणात स्वेल्स नावाचा एक म्हातारा खलाशी येतो आणि अस्सल यॉर्कशायरी बोलीत पानंच्या पानं बोलतो. मला दर तिसरा शब्द अडत होता. शेवटी तेवढ्या भागाचं फुकटचं ऑडिओबुक लावलं आणि डोळे मजकुरावर ठेवून ऐकलं. कानाला कळतं ते डोळ्याला कळत नाही. म्हातारा काय म्हणतोय ते चढउतारावरून उमगलं. शिकाऱ्यांचा म्होरक्या, डच प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच्या मोडक्या इंग्रजीलाही हाच उपाय. मधला मीनाची मैत्रीण लूसी हिच्या आजारपणाचा भाग मात्र लांबतो. रक्त देतात, ती सुधारते, पुन्हा खालावते, पुन्हा रक्त. तिथे खुशाल भरभर वाचावं.

मग मीना. ती लघुलेखन शिकलेली आहे आणि टंकलेखनही करते. नवऱ्याची रोजनिशी, डॉ. सेवर्डनं फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, वर्तमानपत्रांची कात्रणं असं सगळं ती तारखेनुसार लावून टाइप करते, आणि तेव्हा कुठे या मंडळींना कळतं की आपल्या हातात काय आहे. ड्रॅक्युला येऊन ते बाड जाळतो, फोनोग्राफच्या नळ्याही आगीत टाकतो. पण एक प्रत तिजोरीत शिल्लक असते. हल्लीच्या भाषेत बॅकअप. त्याच रात्री तो तिला आपलं रक्त पाजतो आणि दोघांत एक धागा तयार होतो: सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला संमोहनाखाली ती सांगू शकते की त्याच्याभोवती लाटांचा आवाज आहे की लाकडाचा. पटावर तिच्यासोबत येणारा चावा तो हा. तो धागा उलटाही चालतो, म्हणून ही मंडळी आपले बेत तिच्यापासूनच लपवतात.

शेवटचा पाठलाग तर निव्वळ डाव आहे. ड्रॅक्युला पेटीत शिरून जहाजानं लंडनहून पळालेला असतो. शिकारी १२ ऑक्टोबरला लंडन सोडतात, पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस पकडतात, १५ तारखेला वार्नाच्या बंदरात जाऊन दबा धरून बसतात. रोज जहाजांची खबर ठेवणाऱ्या लॉइड्सची तार: जहाज दिसलं नाही. मग २४ तारखेला कळतं की ते दार्दानेल्स ओलांडून आलंय. आणि २८ ला कळतं की ते गालात्झच्या बंदराला लागलं, वार्नाला बगल देऊन! गालात्झची पुढची गाडी केव्हा, असं व्हॅन हेल्सिंग विचारतो आणि मीना सांगते, उद्या सकाळी साडेसहाला. नवऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून ती टाइमटेबलं वाचत बसायची. एकीकडे सोफ्यावरचा काउंट, दुसरीकडे ही. स्टोकरनं ही जोडी मुद्दाम लावली की नाही, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण तिकिटं शिकाऱ्यांकडे का, याचं उत्तर मला मिळालं होतं. ड्रॅक्युला माहिती मिळवतो, पण इतरांसारखं तिकीट काढून गाडीत बसणं त्याला सोपं नाही. त्याला मातीची पेटी लागते आणि वाहतं पाणी ओलांडायला भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते.

तेव्हापासून माझी ड्रॅक्युलाची पाळी आली की मी सगळ्यांना एका बंदराशी जमू देतो. दोनेक खेळ्या मी समुद्रात आहे असं त्यांना पक्कं वाटू द्यायचं, रक्त जातं ते जाऊ द्यायचं, आणि भलतीकडे लागायचं. मामेभाऊ हल्ली याला "गालात्झ करणं" म्हणतो. पुस्तक त्यानं अजून वाचलेलं नाही. (जाता जाता: शेवटी काउंटच्या छातीत खुंटी कुणी ठोकत नाही. गळ्यावर हार्करची कुकरी, काळजात टेक्सासच्या क्विन्सी मॉरिसचा सुरा. क्विन्सी त्यात जातो, म्हणून पुढची कथा सांगणाऱ्या आमच्या खेळात तो नाही.)

लव्हक्राफ्टचं प्रकरण वेगळं. 'अर्कहॅम हॉरर' हा त्याच्या कथांवर बेतलेला पटावरचा खेळ रिचर्ड लॉनियसचा, तोही १९८७ चा. त्याच नावाचा पत्त्यांचा खेळ २०१६ चा. पत्त्यांच्या खेळात फासे नाहीत. पिशवीत हात घालून एक गोल टोकन काढायचं, आणि नेमकं ऑक्टोपससारखी शुंडा काढलेलं टोकन हाती आलं की कितीही तयारी असो, गेलं. प्रत्येकाला शरीराचे गुण वेगळे आणि मनाचे वेगळे. मनाचे संपले की माणूस बाद.

मी प्रसिद्धीच्या क्रमानं न जाता आधी १९२८ ची 'द कॉल ऑफ क्थुल्हू' घेतली. नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांवर वाढलेल्या वाचकाला इथे पहिला धक्का बसतो तो हा की कुणीच येत नाही. मंत्र नाही, गुरू नाही, रिंगण नाही. एक माणूस आजोबांच्या भावाची कागदपत्रं चाळतो आणि एकेक कात्रण जोडत घाबरत जातो. त्या कात्रणांत एक हिंदुस्थानातलंही आहे: मार्च १९२५ च्या अखेरीस तिथल्या लोकांत गंभीर अस्वस्थता असल्याची जपून दिलेली बातमी. समुद्राखाली झोपलेला देव क्थुल्हू चाळवला म्हणून! आपला त्या काळचा सगळा राजकीय इतिहास या गृहस्थाला दुःस्वप्नाची लक्षणं वाटला, हे वाचून मी आधी हसलो आणि मग फार हसू आलं नाही. कारण पुढे लुइझियानाच्या दलदलीतल्या भक्तांचं वर्णन येतं, ते सरळसरळ वंशद्वेषी आहे. त्याच्या बऱ्याच कथांत भीतीचं अर्धं सामान हेच आहे: परके, मिश्र रक्ताचे, बंदरावरचे लोक. खेळांनी ते बऱ्यापैकी वगळलंय आणि नायजेरियाची अकाची ओन्येले, कृष्णवर्णीय वादक जिम कल्व्हर अशी पात्रं पुढे आणली आहेत. मूळ वाचल्याशिवाय त्या निवडीचं महत्त्व मला कळलं नसतं.

'द डनविच हॉरर' मात्र खेळायलाच लिहिल्यासारखी आहे. विद्यापीठाचा म्हातारा ग्रंथपाल आर्मिटेज, सोबत प्राध्यापक राइस आणि डॉ. मॉर्गन. मॉर्गनकडे मोठ्या शिकारीची बंदूक, जी काहीच कामाची नाही. राइसकडे किडे मारायचा फवारा! त्यात पूड भरून ते डोंगरावरच्या अदृश्य राक्षसावर मारतात, तेव्हा तो क्षणभर दिसतो. पत्त्यांच्या खेळात हरवलेल्या राइस आणि मॉर्गनला शोधायला आर्मिटेज आपल्याला पाठवतो, तेव्हा आता मला फवारा आठवतो. 'द शॅडो ओव्हर इन्समथ'मधला दारुडा झेडॉक ॲलन पुन्हा बोलीत बोलतो, पुन्हा ऑडिओ. लव्हक्राफ्टची विशेषणं मात्र कशानेच हलकी होत नाहीत. रात्री एकच कथा, तीही जेवणानंतर लगेच नको, डोळे मिटतात.

चेंबर्सचं १८९५ चं 'द किंग इन यलो' लवकर आटपलं. ज्याचा दुसरा अंक वाचून माणसं वेडी होतात अशा नाटकाभोवती पहिल्या चारच कथा फिरतात, आणि पहिलीत तर १९२० सालचं न्यू यॉर्क आहे, जिथे सरकारनं आत्महत्येसाठी चौकात इमारत बांधून दिलीय. जबरदस्त कथा. पुढे पुस्तक पॅरिसमधल्या चित्रकारांच्या प्रेमप्रकरणांत शिरतं. चारावर थांबलात तरी चालेल.

टॉल्किन अजून चालू आहे. 'वॉर ऑफ द रिंग' हा २००४ चा खेळ तीन इटालियन रचनाकारांचा. त्यात एकीकडे फौजांचं युद्ध आणि दुसरीकडे अंगठी घेऊन लपत चाललेली टोळी, असे दोन डाव एकाच पटावर चालतात. टोळीचा भ्रष्टतेचा काटा बारावर गेला की खेळ खलास. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या खंडातही तशीच फाळणी आहे: आधी सगळ्या लढाया सलग, मग फ्रोडो आणि सॅम सलग. मी सध्या दलदलीत आहे, गॉलम वाट दाखवतोय, आणि मामेभावानं शनिवारी सावलीची, म्हणजे सॉरॉनच्या फौजांची, बाजू आधीच मागून ठेवलीय.