खून स्पीकरवर, प्रेम कानात

परवा मटार सोलताना अहो आईंनी विचारलं, "सापडला का गं डॉक्टरचा खुनी?" आणि मला दोन सेकंद कळेचना, कुठला डॉक्टर नि कुठला खुनी. मग लख्ख आठवलं. तो डॉक्टर ठणठणीत जिवंत आहे. कोल्हापुरात दवाखाना आहे त्याचा, तिथे नवीन आलेल्या फिजिओथेरपिस्टच्या प्रेमात पडलाय आणि बारावा चॅप्टर आला तरी तिला अजून "तुम्ही"च म्हणतोय. खून मी केला त्याचा. झालं असं की पोळ्या लाटताना कानात इअरबड घालून मी त्या प्रेमकथेचं ऑडिओबुक ऐकत होते, चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार, कारण आई म्हणाल्या, "काय गं, कोण मेलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक डॉक्टर."

तर तेव्हापासून विचार करतेय की मी खोटं का बोलले. पन्नाशीला टेकलेली बाई आहे मी, मुलगा इंजिनिअरिंगला, आणि प्रेमकथा ऐकतेय म्हणायला लाज वाटली, पण खुनाची ऐकतेय म्हणायला नाही वाटली. उलट खून आमच्याकडे राजरोस स्पीकरवर लागतो. रात्री जेवणं झाली की मागचं आवरताना सगळं घर ऐकतं, सासरे सुपारी कातरत ऐकतात, मधेच "थांब थांब, मागे घे जरा, गाडीचा नंबर काय म्हणाला?" वगैरे. एकीकडे तुकडे केलेलं प्रेत आणि दुसरीकडे "उद्याला मूग भिजत घालू का?" कुणालाच काही वाटत नाही.

मला हा नाद लागला लोकलमुळे. डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन दोन सव्वादोन तास, त्यातला बराचसा वेळ उभ्याने आणि हातात पुस्तक धरायला जागा म्हणाल तर हातच सापडत नाही स्वतःचा. 2017 च्या शेवटी स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं, त्यात मराठी पहिल्यापासून होतं, मैत्रिणीने फोनवर टाकून दिलं आणि मग सुटलेच. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या कानांना हे काही परकं नव्हतंच. आणि खून ऐकण्याची हौस तर ऑडिओबुकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1935 साली अंधांसाठी, त्यातही पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलकी पुस्तकं निघाली, तर अगदी पहिल्या दोनचारात अगाथा क्रिस्टीबाईंची एक खुनाची कादंबरी होती. तबकडीच्या एका बाजूला साधारण 25 मिनिटं. म्हणजे ऐन रंगात आलं की उठा, तबकडी उलटा, सुई ठेवा. हल्ली आपल्याला स्लीप टायमर लावून झोप लागते आणि खुनी कोण ते राहूनच जातं, तीच गत.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मराठी भाषेला गुन्हा फार सुंदर येतो आणि प्रेम अजिबात येत नाही.

बघा ना, पोलिसांची मराठी ऐका. तिच्यात माणूस सापडत नाही, "मिळून येतो". "सदर इसम पालथ्या स्थितीत मिळून आला." मयत, फिर्यादी, पंचनामा, दोन पंचांसमक्ष, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल. एकेक शब्द कसा धुतलेल्या तांदळासारखा, भावना शून्य, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. 302 म्हटलं की आमच्या भाजीवाल्यालासुद्धा कळतं. खरं तर 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत त्याचं 103 झालंय, पण "त्याला 103 लागला" म्हटलं की मला आपला तापच आठवतो. असो. सांगायचा मुद्दा, ट्रू क्राइम, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी, वाचून दाखवणाऱ्याला मराठीत काही करावंच लागत नाही, सरळ वाचत गेला तरी पुरे.

पण सरळ वाचतात कुठे! ते खालचं म्युझिक. ढ्यांsss करून. आमच्या आई माहेरच्या नारायण पेठेतल्या, 1976 ला कॉलेजात होत्या, म्हणजे जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या वेळी ऐन पुण्यात. जानेवारी 1976 ते मार्च 1977 मध्ये दहा माणसं मारली त्या पोरांनी, कॉमर्शियल आर्ट शिकणारी पोरं, आणि 27 नोव्हेंबर 1983 ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. हे सगळं स्पीकरवर चाललेलं, वाचणारा आवाज खोल नेऊन नेऊन वाचतोय, मागे ढ्यां ढ्यां, आणि आई एकदम म्हणाल्या, "असलं काही वाजत नव्हतं तेव्हा." मग जरा थांबून, "तेव्हा काहीच वाजायचं नाही. सात वाजता रस्ता गप्प. कडी वाजली की वडील आधी आतूनच नाव विचारायचे, शेजारच्या काकूंना सुद्धा." मी बंद केलं ते. तेव्हापासून माझा एक नियमच झालाय, जिथल्या खुनाची गोष्ट आहे तिथला एखादा माणूस शेजारी बसून ऐकतोय अशी कल्पना करायची, आणि त्याला ओशाळं वाटेल असं वाचत असतील तर पुढे जायचं नाही. त्या मानाने निम्मी पुस्तकं बाद होतात. खुनी पोरगा लहानपणी कसा, काय खायचा, कुणाशी भांडायचा ह्याला तीन-तीन चॅप्टर आणि गेलेला माणूस मात्र नुसता "मयत". तिथे ती पोलिसी मराठी मला टोचते, इतर वेळी कितीही आवडली तरी.

आता प्रेम. प्रेमकथेत नायक-नायिका बोलत असतात तोवर सगळं छान चाललेलं असतं, चहा, पाऊस, स्कूटर बंद पडणे, पण जरा जवळ आले रे आले की भाषा सोवळं नेसून येते. आत्तापर्यंत ओठ होते त्यांचे अचानक अधर होतात. कंबर जाऊन कटी येते. "तिचा ऊर धपापू लागला." माझा ऊर फक्त डोंबिवलीचा पूल चढताना धपापतो हो, आणि तेव्हा मी अजिबात रोमँटिक दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे एक तर संस्कृत नाहीतर थेट शिवी, मधलं घरगुती काही नाहीच. आणि "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य कितीही जीव ओतून म्हणा, स्टॅम्पपेपरवर लिहिल्यासारखंच ऐकू येतं.

त्यात वाचणारे. बाई वाचत असली की नायकाला सर्दी झालेली असते, पुरुष वाचत असला की नायिका बालवाडीत असते. दोघांनी मिळून वाचलेलं असेल तर मी आधी ते घेते. उसासे नकोत, उसासा काय तो माझा मी टाकीन. आणि उच्चार! खुनाच्या पुस्तकात कुणी "चोर"मधला च चिमणीचा काढला तर मी सोडून देते, पण प्रेमाच्या ऐन क्षणी "जवळ ये" म्हणताना जावयाचा ज टाकून जिलबीचा ज लावला की संपलं, मला समोर हिंदी सिरियलमधली बाईच दिसायला लागते. स्पीडचंही तसंच. खून मी सव्वापटीने ऐकते, काही बिघडत नाही, पण प्रेमकथा दीडपटीने लावून बघा एकदा, नायक कंडक्टरसारखा "चला पुढे चला" करतोय असं वाटतं.

बरं, लाज काही माझी एकटीची नाही. 1962 च्या एका दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची कथा आली होती, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो चढत चढत सुप्रीम कोर्टात गेला. 1969 साली कोर्टाने सांगितलं की नाही, अश्लील नाही. सात वर्षं! आणि त्याच काळात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, ज्यांचा आकडा हजाराच्या पुढे जातो, लोक लायब्ररीतून चळतच्या चळत नेत होते. तिथे पोत्याने मुडदे पडत होते, पण कोर्टाची पायरी चढली ती प्रेमाने.

मग मी तरीही हे का ऐकते? एकाच गोष्टीसाठी, ते "तुम्ही"चं "तू" कधी होतं ह्यासाठी. इंग्रजीतून आलेल्या कादंबऱ्यांत तर जास्तच मजा, कारण त्यांच्यात सगळ्यांना एकच यू, त्यामुळे आपल्या भाषांतरकाराला बिचाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं कुठल्या पानावर तू करायचं. काहीजण पहिल्याच भेटीत लिफ्टमध्ये करून मोकळे होतात, मला ते पटत नाही. मराठी प्रेमकथेचा सगळा जीव त्या एका शब्दात आहे, आणि कानाला तो असा काही लागतो की वाचताना निसटला असता. आमच्या आई लग्नाच्या सेहेचाळीस वर्षांत "अहो"वरून हललेल्या नाहीत, तो भाग वेगळा.

तर परवा. "सापडला का खुनी?" ह्यावर मी म्हटलं, "नाही अजून." तर म्हणतात, "मग लाव की स्पीकरवर, मी सांगते कोण ते." आता काय करणार. लावलं. बारावा चॅप्टर, रंकाळ्यावर दोघं बसलेत, भेळवाला आलाय, बराच वेळ कुणी काही बोलत नाही. आई मटार सोलतायत, बाबा खुर्चीत पेपर उघडून. आणि तो डॉक्टर काहीच विशेष नसल्यासारखा म्हणतो, "तू तिखट घेणार की मध्यम?"

आईंचा हात थांबला. "तू म्हणाला," त्या म्हणाल्या. मग शेंग तशीच हातात धरून, "चांगला वाटतोय गं मुलगा. ह्याला कशाला मारतील?"

मी म्हटलं, बघू, पुढच्यात कळेल.

बाबांनी पेपर जरासुद्धा खाली न घेता विचारलं, "मागे घे गं थोडं. ती काय म्हणाली, तिखट की मध्यम?"