आमची वाटचाल : दारं, खिडक्या आणि एक वेल्श सुतार

आमच्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव नाही, बायकोचं आहे. मेघालयात बाहेरच्याला जमीन घेता येत नाही. शिवाय खासी लोकांत घर, जागा आणि कुळाचं नाव आईकडून चालत येतं, आणि घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे राहतं. माझी बायको धाकटी. तेव्हा शिलाँगला मी घरजावईही आहे आणि दुकानातला मिस्त्रीही. गावाकडे भावकीला हे समजावून सांगणं मी सोडून दिलंय.

मी सातारा जिल्ह्यातल्या सुताराचा मुलगा. वडील बलुत्यावर नांगर, कुळव भरायचे. मी हवाई दलात सुतारकामावरच लागलो, अपर शिलाँगला बदली झाली आणि इथलाच झालो. निवृत्तीनंतर 2004 मध्ये सासूबाईंच्या परसात पत्र्याची शेड टाकली. भांडवल म्हणजे फंडाचे पैसे, दोन रंधे, पटाश्यांचा जुडगा आणि वडिलांचा गुण्या.

वेळ मात्र वाईट होती. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमानंतर ईशान्येतली वृक्षतोड थांबली, सॉ मिल एकामागून एक बंद पडल्या. जंगलाच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण शेकडो हात रिकामे झाले. त्यातलाच एक म्हातारा करवतवाला आमच्याकडे पहिला कामगार म्हणून आला. नवीन लाकूड परवान्याशिवाय मिळेना, म्हणून आम्ही जुन्या आसाम पद्धतीच्या घरांच्या चौकटी, झडपा दुरुस्त करायला लागलो. बरीच वर्षं पोट त्यावरच चाललं.

हा म्हातारा करवतीला धार लावायला बसला की म्हणायचा, "बाह (म्हणजे भाऊ), हे काम आम्हाला जोन्सने शिकवलं." मला वाटलं, असेल कोणी फोरमन. बायको हसली. म्हणाली, तुला आम्ही लिहितो कसं तेही माहीत नाही!

टॉमस जोन्स. जन्म 1810, वेल्समधल्या माँटगोमेरीशरचा. सुताराचा मुलगा, स्वतःही सुतार, मग धर्मोपदेशक. मी त्याला अरेतुरे करतो, कारण तो आमच्या धंद्यातला. लंडनच्या मिशनने त्याला इकडे पाठवायला नकार दिला, तेव्हा वेल्श मंडळींनी 1840 मध्ये स्वतःचं मिशन काढलं आणि तो लिव्हरपूलहून जहाजात बसला. 22 जून 1841 ला चेरापुंजीत पोचला. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जगात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एकात! कुठलाही सुतार हे ऐकून कपाळाला हात लावेल. आम्ही तिकडे दारं बसवतो तेव्हा उन्हाळ्यात बोटभर फट ठेवतो, तरी जुलैत दार फुगून चौकटीत अडकतं आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो.

त्याने लोकांना सुतारकाम शिकवलं, चुना भाजायला लाकडाऐवजी दगडी कोळसा वापरायला शिकवलं. आणि खासी बोली रोमन अक्षरांत बसवली, स्वतःच्या वेल्शच्या वळणाने. आधी बंगाली लिपीत प्रयत्न झाला होता, तो रुजला नाही. अजूनही इथल्या अक्षरमालेत ए, बी नंतर थेट के येतो, सी नाहीच. माझ्या मुलींना इंग्रजी शाळेत सुरुवातीला यावरून फार बोलणी खावी लागली.

जोन्सचं पुढचं आयुष्य मात्र कडू. 1845 मध्ये बाळंतपणानंतर त्याची बायको गेली. मग त्याने पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ते तेव्हाही मिशनला पटलं नाही, मलाही पटत नाही. शिवाय तो शेती आणि व्यापारात पडला होता. 1847 मध्ये मिशनने त्याला काढून टाकलं. आणि धंद्यात गाठ पडली हॅरी इंग्लिसशी. या भागातला चुनखडी आणि संत्र्यांचा व्यापार इंग्लिसच्या मुठीत होता, सरकारी अधिकारी त्याच्या घरचे. जोन्सने त्याच्या जुलमाविरुद्ध सरकारकडे तक्रारी केल्या. नतीजा काय, तर इंग्लिसची माणसं मागे लागली आणि जोन्सला जंगलातून पळावं लागलं. तिथेच हिवतापाने गाठलं. कसाबसा कलकत्त्याला पोचला आणि 16 सप्टेंबर 1849 ला तिथेच गेला. वय 39.

लोक त्याला लिपीचा जनक म्हणतात, 2018 पासून राज्य सरकारने 22 जून त्याच्या नावाने ठरवून दिलाय. चांगलंच आहे. पण मला तो आठवतो तो गिऱ्हाइकं, माल आणि एक बलाढ्य मक्तेदार यांच्यात चेपलेला छोटा धंदेवाला म्हणून. आम्हीही एकदा एका मोठ्या ठेकेदाराकडे सहा महिन्यांचं बिल अडकवून बसलो होतो. बायकोने त्याच्या दारात रोज जाऊन बसायचं ठरवलं, अकराव्या दिवशी चेक मिळाला. जोन्सकडे अशी कोणी कोंग, म्हणजे खासीत ताई, नव्हती.

मध्यंतरी रंधा मशीन घ्यायला कोलकात्याला गेलो, तेव्हा कडाया रोडच्या स्कॉटिश कबरस्तानात जोन्सच्या कबरीवर जाऊन आलो. बायकोने दिलेली क्वाई, म्हणजे आपलं पान-सुपारी, खिशात होती. ती ठेवावी की नको कळेना. ठेवली.

आता आमच्याकडे सहा जण आहेत. यूपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, खिडक्याही करतो, नाही तर धंदा टिकत नाही. म्हातारा गेला, त्याचा नातू करवतीवर आहे. तो माप घेतो आणि फळीवर पेन्सिलीने लिहितो, 'जिंग्खांग', म्हणजे दार. खाली फूट, इंच. मग रंधा फिरला की अक्षरं भुशाबरोबर जातात आणि तो पुढच्या फळीवर पुन्हा लिहितो.