तुम्ही विचारलंत म्हणून: धर्माशिवाय नीती शिकवता येते का?

मी देव मानत नाही हे कळल्यावर, मग मुलांना बरे-वाईट कशाच्या आधारावर शिकवता, असे मला अनेकजण विचारतात. या प्रश्नामागे बहुधा खरी काळजी असते, म्हणून मीही मनापासून उत्तर देते.

माझी आई अत्यंत श्रद्धाळू होती. पहाटेची प्रार्थना तिने आजारपणातही चुकवली नाही. शेजारच्या ज्या बाईंशी तिचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा प्रार्थना आटोपताच ती रोज त्यांच्याकडे जाऊन त्यांची कूस बदलून देई आणि पाठ पुसून देई. मी कारण विचारले, तेव्हा पुण्याचे नावही न काढता ती एवढेच म्हणाली, "अगं, तिला स्वतःहून वळताही येत नाही." तिच्या कर्तव्याचे कारण त्या बाईंच्या अवस्थेत होते. मात्र मनातला राग बाजूला सारून दररोज उठून जाण्याचे बळ तिला प्रार्थनेच्या शिस्तीने दिले, असे मला आजही वाटते, आणि धर्माचे हे देणे मी कधीही नाकारणार नाही.

अर्थात शिकवणीने आचरण घडतेच असे नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टनमध्ये ख्रिस्ती धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेत कण्हत बसलेल्या माणसाला, सवड असलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी मदत केली, तर घाईत असलेल्यांपैकी केवळ 10 टक्क्यांनी; त्यांच्यातील काहीजण तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या परोपकारी शोमरोनी माणसाच्या, बायबलमधील बोधकथेवरच बोलायला निघाले होते.

माझी खरी अडचण याहून खोल आहे. अमेरिकेत जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील मंडळींनी 1688 मध्येच, आपल्याशी इतरांनी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, या बायबलमधील शिकवणीच्या आधाराने गुलामगिरीचा निषेध केला; आणि तेच बायबल हाती घेऊन गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या दक्षिणेतील बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1845 मध्ये वेगळा संघ स्थापन केला, ज्याने त्याबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये. या दीडशे वर्षांत ग्रंथ तोच राहिला, बदलली ती वाचणाऱ्यांची सदसद्विवेकबुद्धी. कोणते वचन शिरोधार्य मानायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हा निवाडा श्रद्धाळू माणूसही स्वतःच करत असतो. तो आपण करतो हे त्याने मान्य करावे, एवढाच माझा आग्रह आहे.

माझी मुले पुढे श्रद्धेच्या वाटेने गेली, तर मला आनंदच होईल, कारण त्या वाटेवर माझी आई भेटते. पण एखादे वचन पुढे करून ती कोणाला हीन लेखू लागली, तर मी त्यांच्याशी ग्रंथावरून वाद घालणार नाही. ज्याला हीन म्हटले, त्याच्यासमोर बसून ते वचन मोठ्याने वाचून दाखवा, असे सांगेन.